विडी सोडल्यावर जे होतं, त्याचा इतिहास



आजचा विषय ऐकून कुणाला वाटेल, हा तर डॉक्टरांचा विषय झाला, इतिहासाच्या व्याख्यानात याचं काय काम? काम आहे. तंबाखू आपल्याकडे कधी आली, कुणी आणली, कुठल्या बादशहानं तिच्यावर बंदी घातली, हे पुस्तकांतून सापडतं. तिच्यामुळे कोणते रोग होतात, हे आज शाळेतल्या पोराला पाठ आहे. पण ज्या माणसानं ती सोडली त्याचे पुढचे पंधरा-वीस दिवस कसे गेले, याच्या नोंदी फार थोड्या आहेत. आणि सोडलेली विडी माणूस परत धरतो तो बहुतेक वेळा याच दिवसांत. म्हणून आज आपण तेवढ्याच दिवसांचा इतिहास बघणार आहोत.

नेकनूरच्या बाजारात, पारावर, एसटीची वाट बघताना एक वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. "सोडली होती हो मधी, पण मानवली नाही." विचारलं की काय झालं, तर माणूस यादी सांगतो. डोकं जड झालं. झोप उडाली. तोंड आलं. खोकला वाढला. संडासला होईना. घरात कुणी बोललं तरी अंगावर धावून जावंसं वाटायचं. मग आठवड्यानं त्यानं हिशेब केला, की ओढत होतो तेव्हा धडधाकट होतो, सोडली अन् आजारी पडलो.

हा माणूस खोटं बोलत नाही, हे आपण आधी मान्य करू. त्याला झालेला त्रास खरा आहे. फक्त त्या त्रासाला आपल्या बोलीत नाव नाही. 'तलफ' हा शब्द आहे, पण तलफ म्हणजे ओढायची इच्छा. ओढणं बंद केल्यावर अंगाला जे होतं, त्याला आपण 'कसंतरी होतंय' म्हणतो, 'बाधलं' म्हणतो. नाव नसलेल्या दुखण्याला मुदतही नसते. ते किती दिवस चालणार हे कळत नाही, आणि मग हातातल्या विडीइतकं खात्रीचं औषध दुसरं दिसत नाही.

दख्खनवाटे आलेलं पान

या त्रासाची सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी एक सोळाव्या शतकातली आहे. कोलंबस १४९२ साली अमेरिकेकडच्या बेटांवर पोचला, तेव्हा तिथले लोक तंबाखूचा धूर ओढत होते. बार्तोलोमे दे लास कासास हा स्पॅनिश पाद्री पुढे त्या बेटांवर राहिला. त्यानं लिहून ठेवलंय, की तिथं गेलेल्या काही स्पॅनिश लोकांनाही ही सवय लागली. लोकांनी त्यांना दोष दिला तेव्हा ते म्हणाले, की आता सोडणं आमच्या हातात राहिलेलं नाही. तंबाखूची युरोपला नुकती ओळख होत होती, आणि सुटत नसल्याची तक्रार तिच्या सोबतच आली.

आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांच्या जहाजातून आली आणि दख्खनमार्गे उत्तरेला गेली. असद बेग नावाचा अकबराचा अधिकारी विजापूरला गेला होता. तिथं त्याला तंबाखू दिसली. त्यानं ती आणि एक छानशी चिलीम विकत घेतली आणि १६०४-०५ च्या सुमाराला बादशहापुढे ठेवली. अकबरानं एक-दोन झुरके घेतले. हकिमानं हरकत घेतली. म्हणणं असं, की ही वस्तू आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत नाही, तिचे गुण-दोष कुणाला ठाऊक नाहीत. अकबरानं पुढे ओढली नाही, पण सरदारांनी धरली आणि व्यापाऱ्यांनी विकायला सुरुवात केली. त्या काळात आपला बीडचा मुलूख निजामशाही आणि मुघल यांच्या ओढाताणीत सापडलेला होता, म्हणजे विजापूर आणि आग्रा यांच्या मधल्या मुलखात. सैन्याच्या तळांबरोबर जी काय नवी सवय फिरली असेल, ती इथूनच गेली-आली असणार.

हकिमाचं ते बोलणं नीट ऐका. ग्रंथांत नाही म्हणून गुण-दोष ठाऊक नाहीत. हीच अडचण पुढे साडेतीनशे वर्षं टिकली. तंबाखू ओढल्यानं काय होतं यावर वैद्य, हकीम, डॉक्टर सगळे बोलत राहिले. ती थांबवल्यावर काय होतं, हे मात्र ग्रंथांत यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

जहांगीरानं १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तशीच बंदी इराणच्या शाह अब्बासनंही घातली होती. त्या वेळी जहांगीराचा वकील खान आलम इराणच्या दरबारात होता. हा माणूस सतत ओढणारा. त्याला तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नाही, असा अर्ज शाहपुढे गेला आणि त्याला सवलत मिळाली. हा किस्सा खुद्द जहांगीराच्या आत्मवृत्तात आहे. दोन बलाढ्य राजांची बंदी होती, आणि एका माणसाच्या अस्वस्थपणापुढे ती वाकवावी लागली. त्या अस्वस्थपणाला आजार कुणी म्हटलं नाही. शौक म्हटलं, नाद म्हटलं.

विडी, चारमिनार आणि मशेरी

चिलीम-हुक्का हा बैठकीचा मामला होता. बसायला वेळ लागे, विस्तव लागे, चार माणसं लागत. विडीनं ते बदललं. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली चिमूटभर तंबाखू बंडीच्या खिशात मावते, नांगर धरून ओढता येते. विदर्भ-मध्यप्रदेशच्या जंगलपट्ट्यात पान, कर्नाटकच्या सीमेवर निपाणीला तंबाखू, आणि वळायला घराघरांतल्या बाया, असा धंदा विसाव्या शतकात उभा राहिला. स्वदेशीच्या चळवळीत विलायती सिगारेट टाकून विडी ओढणं याला देशभक्तीचा रंगही चढला.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे आपल्याकडे सिगारेट म्हटलं की जुन्या माणसांना हैदराबादची चारमिनार आठवते. पण ओढणं ही अर्धीच गोष्ट आहे. तव्यावर तंबाखू भाजून काळी पूड करायची आणि दातांना लावायची, ती मशेरी. चुना मळून ओठाखाली ठेवायची ती तंबाखू. पुढे गुटखा आला, मावा आला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक तंबाखू वापरणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. काहीजण दोन्ही करतात. म्हणजे आज आपण विडीबद्दल बोलत असलो तरी समोर बसलेल्या मशेरीवाल्या मावशींनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. निकोटिन धुरातून गेलं काय अन् हिरडीतून गेलं काय, बंद केल्यावर मेंदू सारखीच कुरकुर करतो.

सोडायच्या जुन्या वाटा

आता कुणी म्हणेल, आपले आजे-पणजे सोडत नव्हते का? सोडत होते. आपल्या भागात सोडण्याच्या दोन मोठ्या वाटा होत्या, आणि दोन्ही नेकनूरला ओळखीच्या आहेत.

पहिली वाट माळेची. विष्णुबुवा जोगमहाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिच्या पहिल्या पिढीतलं मोठं नाव म्हणजे आपल्या नेकनूरचे बंकटस्वामी. त्यांच्यामुळे आपल्या गावाचं नाव कीर्तनाच्या वर्तुळात सर्वदूर गेलं. वारकरी माळ घालतो तेव्हा मद्य-मांस सुटतं, एकादशी आणि पंढरीची वारी लागते, हरिपाठ लागतो. विडी-तंबाखूही सोडा, असं अनेक महाराज माळ घालताना बजावतात. सगळे माळकरी ते पाळतात असं नाही, दिंडीतही चुन्याची डबी निघतेच. पण ज्यांची सुटली, त्यांची कशी सुटली हे बघण्यासारखं आहे.

आळंदी ते पंढरपूर पायी वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, साधारण तीन आठवड्यांची. आज वैद्यकशास्त्र सांगतं, की तंबाखू सोडल्यावरचा त्रास दोन ते चार आठवडे चालतो. हा मेळ कुणी आखून घातलेला नाही, आणि वारी काही त्यासाठी निघत नाही. तरी परिणाम बघा. माणूस घरापासून लांब, पारापासून लांब, नेहमीच्या टपरीपासून लांब. दिवसभर चालणं. रात्री अंग टाकलं की झोप. तोंड अभंगात गुंतलेलं, हात टाळात. आजूबाजूला चारचौघं, त्यांच्या देखत खिशात हात घालायची लाज. तलफ आली तरी ती काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटं पार करायची साधनं वारीत आपोआप मिळतात.

अन् मग माणूस गावी परततो. सकाळचा चहा पुढे येतो, तोच पार, तेच मित्र. तीन आठवडे न आठवलेली विडी तिथं पहिल्या घोटाला आठवते. पुष्कळांची परत सुरू होते ती इथं. त्रास तोवर संपत आलेला असतो, पण जागा आणि वेळ या जुन्या सवयी जाग्या असतात. आजचे डॉक्टर म्हणूनच सांगतात, की पहिले काही आठवडे चहाची जागा बदला, जेवणानंतर बसायची जागा बदला.

दुसरी वाट रोज्याची. रमजानात दिवसभर पाणी नाही तसा धूरही नाही. आपल्या गावातले ओढणारे मुस्लिम भाऊ सांगतील, की दुपार टळली की डोकं ठणकतं, चिडचिड होते. ते नुसत्या भुकेनं नसतं. रक्तातलं निकोटिन दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं, त्यामुळे दुपारपर्यंत मेंदू मागणी करू लागतो. इफ्तारनंतर सिगारेट पेटली की सगळं शांत. म्हणजे काय झालं? त्रासाचा पहिला दिवस संपायच्या आत घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. दुसऱ्या दिवशी परत पहिलाच दिवस. तीस दिवस दिवसा सोडलेली असते, पण सलग दोन दिवसही सुटलेली नसते.

आमच्या मते या अख्ख्या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट इथं आहे. "दिवसाला दोनच ओढतो", "फक्त एकादशीला बंद ठेवतो", "बाजाराच्या दिवशी एखादी" असं म्हणणारा माणूस त्रास वाचवतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तो पहिल्या दिवसाचा त्रास पुन्हा पुन्हा भोगत असतो. रमजान ही मात्र सोडण्याची उत्तम संधी आहे. दिवसभर राहून दाखवलेलंच असतं. संध्याकाळची तेवढी नाही पेटवली, तर तिसऱ्या-चौथ्या रोज्यानंतर उतार लागतो.

माळ आणि रोजा, दोन्ही वाटांत एक उणीव होती. अंगाचं काय होणार आहे हे कुणी सांगत नव्हतं. विडी परत धरली की माणूस 'शपथ मोडली' म्हणून तोंड चुकवायचा. त्याला पाप वाटायचं, दुबळेपणा वाटायचा. दुखणं वाटायचं नाही.

ग्रंथांत नाव यायला लागलेला वेळ

पाश्चात्य वैद्यकाचंही याहून बरं चाललेलं नव्हतं. पॉसेल्ट आणि रायमान या दोन जर्मन संशोधकांनी १८२८ मध्ये तंबाखूतून निकोटिन वेगळं काढलं. झॉं निको या फ्रेंच वकिलावरून हे नाव पडलं. विष सापडलं, पण तेच माणसाला बांधून ठेवतं हे सिद्ध व्हायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड स्वतः डॉक्टर. १८९४ च्या सुमाराला त्याच्या छातीत धडधड होऊ लागली, मित्रानं सिगार सोडायला सांगितलं. फ्रॉइडनं सोडली आणि मित्राला पत्रांतून आपली दशा कळवली. सोडल्यावर त्याला जास्तच वाईट वाटू लागलं. हा त्रास हृदयाचा, सिगारचा की सिगार सोडल्याचा, हे त्या काळच्या व्हिएन्नातल्या हुशार डॉक्टरालाही ठरवता आलं नाही. शेवटी त्यानं परत सुरू केली. आपल्या पारावरच्या "मानवली नाही" म्हणणाऱ्या माणसात आणि त्याच्यात या बाबतीत फार फरक नाही.

१९४२ मध्ये लेनॉक्स जॉन्स्टन या स्कॉटिश डॉक्टरानं 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. त्यानं ३५ जणांना निकोटिनची इंजेक्शनं दिली. ओढणाऱ्यांना ती आवडली, आणि बंद केल्यावर चुकचुकल्यासारखं झालं. म्हणजे माणूस धुराला नव्हे, धुरातल्या औषधाला धरून आहे. डॉक्टर मंडळींनी तेव्हा फार लक्ष दिलं नाही. १९६४ चा अमेरिकी सरकारी अहवाल धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो असं ठणकावून सांगणारा, तरी त्यानंही तंबाखूला 'व्यसन' न म्हणता 'सवय' म्हटलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगसूचीत तंबाखू सोडल्यावरचा त्रास अधिकृतपणे आला तो १९८० मध्ये. निकोटिन हे व्यसन लावणारं द्रव्य आहे, हे अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालानं १९८८ मध्ये लिहिलं.

मधल्या काळात स्वीडनमध्ये एक मजेशीर गोष्ट घडली. पाणबुडीत धूम्रपान चालत नाही. तिथले खलाशी तेवढ्या वेळापुरती तोंडातली तंबाखू धरत आणि त्यांचं भागत असे. हे लुंड विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं. त्यांनी १९६७ मध्ये ओव्हे फर्नो या औषध कंपनीतल्या रसायनतज्ज्ञाला कळवलं, आणि त्यातून निकोटिनचं च्युइंगम जन्मलं. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडनं त्याला मान्यता दिली. सोडल्यावरचा त्रास हे दुखणं आहे आणि त्याला औषध असू शकतं, हे त्या च्युइंगमनं जगाला पटवलं.

दिवसांचा हिशेब

आता आपण त्या न लिहिलेल्या दिवसांकडे येऊ. धूर ओढला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. रोज पोचत राहिलं की मेंदू ते घेणाऱ्या जागा वाढवून ठेवतो. पुरवठा बंद झाला की त्या वाढलेल्या जागा रिकाम्या राहतात आणि ओरड सुरू होते. काही आठवड्यांत त्यांची संख्या पूर्ववत होते. सगळ्या त्रासाचं मूळ एवढंच आहे.

पहिल्या दिवशीच बेचैनी सुरू होते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. चिडचिड, उदास वाटणं, लक्ष न लागणं, झोपमोड, भूक वाढणं. पहिला आठवडा सरता सरता उतार लागतो, आणि बहुतेकांचं दोन ते चार आठवड्यांत निवळतं. भूक मात्र जास्त दिवस राहते, दोन-चार किलो वजन वाढू शकतं. त्यानं घाबरायचं कारण नाही. भाजलेले हरभरे, काकडी, मुळा, ताक जवळ ठेवावं, शेव-पापडी नव्हे.

खोकला काहीजणांना वाढतो. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, ते कफ वर ढकलतात. धुरानं ते लुळे पडलेले असतात. धूर थांबला की ते परत कामाला लागतात आणि साचलेला कफ निघू लागतो. तोंड येणं, घसा दुखणं हेही पहिल्या एक-दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं. संडासचं म्हणाल, तर निकोटिन आतड्याला चालना देतं. "तंबाखू लावल्याबिगर पोट साफ होत नाही" हे आपल्याकडच्या बायकांचं म्हणणं त्यामुळे खरंच आहे. पण त्यावर उपाय भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि थोडं चालणं हा आहे. काही दिवसांत आतडं स्वतःहून चालू लागतं.

चहाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विडीच्या धुरामुळे शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर जाळून टाकतं. धूर बंद झाला की तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. मग छातीत धडधड, हात थरथरणं, रात्रभर टक्क जागं राहणं. माणूस म्हणतो विडी सोडल्यानं झालं. त्यातलं बरंचसं चहानं झालेलं असतं. पहिले काही आठवडे चहा निम्मा करा, दुपारनंतर नकोच. धूर काही औषधांवरही असाच परिणाम करतो, म्हणून मानसिक आजाराच्या, दम्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपल्या जिल्ह्याचं एक वेगळं दुखणं आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडची हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. पहाटे थंडीत फडात उतरायचं, भाकर दुपारी मिळेल तेव्हा. मशेरी आणि विडी तिथं भूक मारायला आणि झोप घालवायला असते. अशा माणसाला "मन घट्ट कर" एवढंच सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यानं सोडायचा दिवस गाडी भरायच्या आठवड्यात धरू नये. गावी असताना, पोटभर जेवण आणि रात्रीची झोप मिळते तेव्हा धरावा. नवरा-बायकोनं एकदमच सोडावी, कारण घरात एकाची डबी उघडी असेल तर दुसऱ्याचा चौथा दिवस निघत नाही.

आणखी एक सापळा. "विडी सोडली" म्हणून अभिमानानं सांगणारा माणूस खिशातून मावा काढतो. पाणबुडीतल्या खलाशांनी केलं तेच त्यानं केलं, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट धरली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली होती, ती तोंडाचा कर्करोग आणि त्याआधीचे चट्टे शोधण्यासाठी. ओठात ठेवलेली तंबाखू काय करते, हे आपल्याच माणसांच्या तोंडावरून जगाला कळलेलं आहे. आधार हवाच असेल तर निकोटिनचं च्युइंगम औषध दुकानात मिळतं. २ मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवाय, त्यावरचं डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. ते सतत चघळायचं नसतं. चार-सहा वेळा चावून गालाशी ठेवायचं, पुन्हा चावायचं, आणि तोंडात असताना चहा घ्यायचा नाही. गर्भवती, हृदयरोगी यांनी आधी विचारून घ्यावं.

मुदत ओलांडली तर

नाव मिळालं, मुदत कळली, याचा दुसराही फायदा आहे. मुदतीत न बसणारं दुखणं ओळखता येतं. खोकला महिनाभरानंतरही तसाच, थुंकीत रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, ही लक्षणं सोडल्याची नव्हेत. सोडल्यावर वजन वाढतं, घटत नाही. बेडका तपासून घ्या, क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ आली तर "विडी सोडल्यानं होतंय" म्हणत घरी बसू नका, तडक दवाखाना गाठा. तोंडातला चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. आणि उदासपणा इतका दाटला की जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर दिवसरात्र बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइन २०१६ पासून आहे, नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत.

लास कासासच्या त्या माणसांनी म्हटलं होतं, आमच्या हातात राहिलेलं नाही. तेव्हा ते खरं होतं, कारण त्यांच्या हातात माहिती नव्हती. आज नेकनूरमधल्या कुणी उद्या सकाळी विडी टाकली, तर तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त त्रास होणार आहे हे त्याला आज रात्रीच सांगता येतं. त्याच्या बायकोलाही सांगता येतं, म्हणजे त्या दिवशी तो डाफरला तर ती समजून घेईल. आणि एकदा मोडलं तर परत धरता येतं. ज्यांची सुटली त्यातल्या पुष्कळांची पहिल्या प्रयत्नात सुटलेली नाही.

एवढं बोलून आम्ही थांबतो. उपस्थितांपैकी ज्यांनी सोडलेली आहे, त्यांनी आपले पहिले दहा दिवस कसे गेले ते इथं चार लोकांत सांगावं, अशी विनंती आहे. तो इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही, आणि समोर बसलेल्या एखाद्याला तो उद्याच लागणार आहे.